पूल उडाला तरी न थांबलेला जनरल : गोव्यापासून ढाक्यापर्यंत सगत सिंग

दर १६ डिसेंबरला एक फोटो सोशल मीडियावर हमखास फिरतो. ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर टेबल मांडलंय. पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी शरणागतीच्या कागदावर सही करतायत आणि शेजारी पगडीतले लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा बसलेत. मागे भारतीय अधिकारी दाटीवाटीने उभे आहेत. नियाझी आणि अरोरा सगळ्यांना ओळखू येतात. जनरल जेकब यांचं नावही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्याच घोळक्यात लेफ्टनंट जनरल सगत सिंगही आहेत. त्यांच्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

खरं तर ढाका अवघ्या १३ दिवसांत पडलं, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा होता. त्याआधी १० वर्षं, १९६१ मध्ये, पणजीत सगळ्यात आधी पोहोचलेली ब्रिगेडही त्यांचीच होती. मधल्या काळात नथू ला खिंडीत चीनसमोर उभं राहिलेलं डिव्हिजन त्यांचं होतं. २०१८ मध्ये आलेला 'पलटन' सिनेमा पाहिला असेल, तर त्यात जॅकी श्रॉफने केलेली भूमिका याच सगत सिंग यांची.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. वरून आलेल्या आदेशात जेवढं लिहिलं होतं, त्याच्या पुढे ते गेले. हे बरोबर होतं का? प्रत्येक वेळी बरोबर ठरलं का? हे समजून घ्यायचं, तर आधी त्यांच्या हाती आलेली ब्रिगेड नेमकी काय होती ते पाहावं लागेल.

शत्रूच्या पाठीमागे उतरायचं, पण पुढे काय?

हवाई मार्गाने सैन्य उतरवण्यामागची कल्पना सोपी आहे. समोर नदी आहे, डोंगर आहे, खंदक आहेत. तिथे डोकं आपटत बसण्यापेक्षा वरून जायचं आणि पलीकडे उतरायचं.

दुसऱ्या महायुद्धात हे दोन प्रकारे व्हायचं. एक म्हणजे पॅराशूट. म्हणून तर मराठीत या सैनिकांना छत्रीधारी सैनिक म्हणतात. दुसरा प्रकार आज जवळपास विसरला गेलाय, तो म्हणजे ग्लायडर. हे बिनइंजिनाचं, बरचसं लाकडी विमान असायचं. दुसरं विमान त्याला दोराने ओढत न्यायचं आणि ठरलेल्या जागेजवळ दोर सोडून द्यायचं. पॅराशूटने उतरलेले सैनिक विखुरतात, पण ग्लायडरमधून अख्खी तुकडी, जीप, छोटी तोफ एकाच ठिकाणी उतरायची. मात्र इंजिनच नसल्यामुळे पायलटला जमिनीवर उतरायची संधी एकदाच मिळायची. चुकलं, तर पुन्हा वर जाऊन घिरटी मारायची सोय नाही. ब्रिटिश ग्लायडर पायलटना तर उतरल्यावर बंदूक घेऊन इतरांसोबत लढायचंही प्रशिक्षण दिलेलं असायचं.

६ जून १९४४ च्या पहाटेआधी फ्रान्समध्ये ब्रिटिशांचे ग्लायडर एका कालव्यावरच्या पुलाच्या अगदी बाजूला उतरले आणि काही मिनिटांत पूल ताब्यात आला. तोच पुढे पेगॅसस पूल म्हणून प्रसिद्ध झाला. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या आर्नेमला उलटं घडलं. पुलाकडे उतरलेल्या सैन्याला मदत म्हणून जमिनीवरून रणगाडे येणार होते, ते वेळेत पोहोचलेच नाहीत. सुमारे १०,००० उतरले होते, त्यातले साधारण चौथा हिस्साच परत आले.

हवाई मोहिमेचा सगळा धोका या एका उदाहरणात आहे. विमानातून उतरलेल्या सैनिकाकडे जड तोफा नसतात, रणगाडे नसतात, दारूगोळा मोजका असतो. जमिनीवरून कुणी त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही, तर तो एकटा पडतो.

भारताचाही या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसाममधल्या लालाघाटहून निघालेले ग्लायडर ब्रह्मदेशाच्या जंगलात, जपानी सैन्याच्या पाठीमागे उतरले. ही मोहीम ब्रिगेडियरचा मेजर जनरल झालेल्या ऑर्ड विंगेट यांच्या चिंडिट फौजेची होती. त्याच महिन्यात मणिपूरमधल्या सांगशाक इथे भारताची ५० वी पॅराशूट ब्रिगेड जपान्यांशी लढली. छत्रीधारी असूनही तिथे ती पायदळ म्हणूनच लढली आणि तिच्या सोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती.

१९४१ मध्ये दिल्लीत उभी राहिलेली हीच ५० पॅराशूट ब्रिगेड. १९४८ मध्ये नौशेराला तिचे प्रमुख होते ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. आणि सप्टेंबर १९६१ मध्ये तिचे प्रमुख म्हणून आग्र्याला आले ब्रिगेडियर सगत सिंग.

उंटांच्या फौजेतून आलेला अधिकारी

सगत सिंग यांचा जन्म १४ जुलै १९१९ चा, तेव्हाच्या बिकानेर संस्थानातल्या कुसुमदेसर गावचा. हा भाग आज राजस्थानच्या चुरू जिल्ह्याच्या परिसरात येतो. वडीलही सैनिक. बिकानेरच्या उंटांवरच्या फौजेतून ते पहिल्या महायुद्धात लढले होते. सगत सिंगही कॉलेज अर्ध्यावर सोडून याच संस्थानी फौजेत शिरले. तिचं नाव गंगा रिसाला.

दुसऱ्या महायुद्धात त्यांना अधिकारीपद मिळालं. इराकमधली नोकरी झाली. स्वातंत्र्यानंतर संस्थानी फौजा भारतीय लष्करात विलीन झाल्या, तेव्हा ते तिसऱ्या गुरखा रायफल्समध्ये गेले आणि तिथल्या बटालियनचं नेतृत्वही त्यांनी केलं.

म्हणजे पॅराशूट ब्रिगेड मिळेपर्यंत त्यांनी छत्री लावून उडी मारलेली नव्हती. छत्रीधारी तुकड्यांमध्ये याला फार महत्त्व असतं. तिथे मरून रंगाची बेरे टोपी आणि छातीवरचे पंख नुसत्या हुद्द्याने मिळत नाहीत, उड्या मारून कमवावे लागतात. सगत सिंग यांनी वयाच्या बेचाळिशीत, आपल्या हाताखालच्या पोरांसारखं प्रशिक्षण घेतलं, उड्या मारल्या आणि ते पंख मिळवले.

तीन महिन्यांत या ब्रिगेडला हुकूम आला. गोवा.

पणजीकडे पायी निघालेले छत्रीधारी

पनवेलहून गोव्याला निघालेली गाडी सावंतवाडी, बांदा ओलांडते आणि पत्रादेवीला गोव्यात शिरते. हल्ली ती हद्द लक्षातही येत नाही. १९६१ पर्यंत मात्र ती दोन देशांमधली सीमा होती. पलीकडे पोर्तुगालचं राज्य होतं आणि ते सुरू होऊन साडेचारशे वर्षं झाली होती.

डिसेंबर १९६१ मध्ये भारताने लष्करी कारवाई ठरवली, नाव होतं ऑपरेशन विजय. मुख्य काम मेजर जनरल कॅन्डेथ यांच्या १७ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनकडे होतं. त्यांनी पूर्वेकडून, बेळगावच्या बाजूने घाट उतरून आत जायचं होतं. ५० पॅराशूट ब्रिगेडला उत्तरेकडून साथ द्यायची होती. तिचं काम दुय्यम होतं.

सीमेवरचं दोडामार्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आज ते सिंधुदुर्गात आहे. या बाजूने १८ डिसेंबरच्या सकाळी ब्रिगेडचे तीन हिस्से गोव्यात शिरले. पूर्वेकडून २ पॅरा (मराठा) बटालियन फोंड्याच्या दिशेने गेली. मधून १ पॅरा (पंजाब) बाणस्तारीच्या वाटेने निघाली. पश्चिमेकडून २ शीख लाइट इन्फन्ट्री आणि रणगाडे थिवीमार्गे पुढे सरकले.

गंमत म्हणजे छत्रीधारी ब्रिगेड असूनही गोव्यात कुणीही विमानातून उडी मारली नाही. सगळा प्रवास जमिनीवरून झाला. मागे हटताना पोर्तुगीजांनी पूल उडवले होते, रस्त्यात सुरुंग पेरले होते. गोवा नकाशावर लहान दिसतो, पण तिथे दर काही किलोमीटरवर नदी किंवा खाडी आडवी येते. ब्रिगेडला असे चार जलप्रवाह ओलांडावे लागले.

इथे सगत सिंग यांची पद्धत दिसते. पूल तुटलाय म्हणून पूल बांधणाऱ्यांची वाट बघत थांबायचं नाही. उतार शोधायचा, होड्या मिळवायच्या, गावकऱ्यांची मदत घ्यायची आणि माणसं पलीकडे न्यायची. जड सामान मागून येईल. शत्रूला वाटतं की पूल उडवून आपण एक दिवस मिळवला. तेवढ्यात समोरचे सैनिक पलीकडे आलेले असतात.

१८ तारखेच्या संध्याकाळी ५ च्या सुमाराला पश्चिमेकडचा हिस्सा बेतीला पोहोचला. समोर मांडवी आणि पलीकडे पणजी. आज मांडवीवर तीन पूल आहेत, तेव्हा एकही नव्हता. रात्र बेतीत काढून १९ डिसेंबरला सकाळी साडेसातच्या सुमाराला शीख लाइट इन्फन्ट्रीच्या दोन तुकड्या नदी ओलांडून पणजीत उतरल्या. कुणी विरोध केला नाही.

पणजीत शिरताना सगत सिंग यांनी सैनिकांना लोखंडी टोपी काढून मरून बेरे घालायला सांगितलं. शहरातल्या लोकांना समोरून येणारं सैन्य लढायला नाही, सोडवायला आलंय हे दिसावं, एवढं त्या टोपीने साधलं. त्याच संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

दुय्यम काम दिलेली ब्रिगेड राजधानीत पहिली पोहोचली होती. या विजयामुळे पोर्तुगालमध्ये सगत सिंग यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झाल्याची गोष्ट लष्करात पुढे अनेक वर्षं सांगितली जायची.

नथू ला सोडायला नकार

जुलै १९६५ मध्ये सगत सिंग मेजर जनरल म्हणून सिक्कीममधल्या १७ व्या माउंटन डिव्हिजनवर आले. दोन महिन्यांत पाकिस्तानशी युद्ध पेटलं आणि चीनने भारताला निर्वाणीचा इशारा दिला. सिक्कीमच्या सीमेवरची ठाणी हटवा, नाहीतर परिणाम भोगा, असा त्याचा अर्थ होता.

सीमेवर दोन महत्त्वाच्या खिंडी होत्या. जेलेप ला शेजारच्या डिव्हिजनकडे होती आणि नथू ला सगत सिंग यांच्याकडे. युद्ध भडकलं तर पुढची ठाणी सोडून मागच्या मजबूत जागांवर यायचं, असा वरून आलेला बेत होता. जेलेप ला सोडली गेली आणि ती चिन्यांनी घेतली. सगत सिंग यांनी नथू ला सोडली नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खिंड म्हणजे पाणलोटाचा माथा. तिथून दोन्ही बाजू दिसतात. एकदा सोडली की परत मिळणार नाही.

१४,००० फुटांवरच्या याच खिंडीत ११ सप्टेंबर १९६७ ला ठिणगी पडली. भारतीय सैनिक सीमेवर तारेचं कुंपण घालत होते आणि समोरून अचानक मशिनगन सुरू झाल्या. उघड्यावर असलेले अनेक जवान पहिल्याच काही मिनिटांत पडले. २ ग्रेनेडियर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल राय सिंग गंभीर जखमी झाले.

चीनच्या सीमेवर तोफा वापरायचा निर्णय अगदी वरच्या पातळीवरून यायला हवा, असा संकेत होता. तो येण्याची वाट न पाहता सगत सिंग यांनी तोफखाना सुरू केला, असं सांगितलं जातं. तीन-चार दिवस मारा चालला. उंचावरची जागा हातात असल्यामुळे भारतीय तोफा अचूक बसत होत्या. १९६२ च्या पराभवाला पाचच वर्षं झाली होती. त्यानंतर चीनसमोर भारतीय सैन्य मागे हटलं नाही, हा विश्वास नथू ला मधून आला.

पण किंमतही मोजावी लागली. उघड्यावर कुंपण घालणारे जवान पहिल्याच फैरीत गेले, ही गोष्ट विजयाच्या आनंदात झाकता येत नाही. काही महिन्यांत सगत सिंग यांची बदली शिलाँगला झाली. मिझो बंडखोरांविरुद्धची मोहीम तिथून त्यांनी पाहिली.

ढाका त्यांच्या यादीत नव्हतं

१९७० च्या अखेरीला लेफ्टनंट जनरल होऊन ते तेजपूरच्या चौथ्या कोअरचे प्रमुख झाले. वर्षभरात बांगलादेशचं युद्ध आलं. त्यांच्या हाताखाली तीन डिव्हिजन होती आणि त्रिपुरा, आसामच्या बाजूने आत जायचं होतं.

इथे नकाशा डोळ्यासमोर आणायला हवा. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या मधोमध ढाका. त्याच्या पूर्वेला मेघना नदी, इतकी रुंद की पावसाळ्यात पलीकडचा काठ दिसत नाही. चौथ्या कोअरला मेघनेच्या पूर्वेचा भाग जिंकायचा होता. नदी ओलांडून ढाका घेणं हे त्यांना नेमून दिलेलं काम नव्हतं. सगत सिंग मात्र आधीपासून नदीपलीकडचा विचार करत होते. त्यासाठी हवाई दलाची मोजकी एमआय-४ हेलिकॉप्टरं त्यांच्या मदतीला होती आणि ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्यासारखा तितकाच धाडसी सोबती होता.

ग्लायडरचे दिवस एव्हाना संपले होते. ग्लायडरची सगळ्यात मोठी अडचण हेलिकॉप्टरने सोडवली होती. ते उतरायचं, माणसं सोडायचं आणि पुढच्या खेपेसाठी परत यायचं. पण भारतीय लष्कराने शत्रूच्या हद्दीत अख्खी बटालियन हेलिकॉप्टरने उतरवण्याचा प्रयोग आधी कधी केला नव्हता. तो पहिल्यांदा झाला ७ डिसेंबर १९७१ ला, सिल्हेटमध्ये.

सिल्हेट : जिथे अंदाज चुकला

सिल्हेट पाकिस्तान्यांनी जवळपास रिकामं केलंय, अशी खबर होती. म्हणून लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हारोलीकर यांच्या नेतृत्वाखालची ४/५ गुरखा रायफल्स हेलिकॉप्टरने तिथे उतरवायचं ठरलं. आधीच्या लढायांत ही बटालियन बरीच झिजलेली होती. दोन दिवसांत मागून बाकीचं सैन्य येऊन मिळेल, असा हिशोब होता.

पहिली हेलिकॉप्टरं उतरताच गोळीबार सुरू झाला. सिल्हेट रिकामं नव्हतं. तिथली ब्रिगेड तिथेच होती, शिवाय आणखी सैन्य येऊन मिळालं होतं. काही शे गुरखा आणि समोर कितीतरी पट मोठी फौज. आणि मागून येणारं सैन्य दोन दिवसांत पोहोचलंच नाही. म्हणजे आर्नेमला जे झालं, अगदी तेच इथे होऊ शकलं असतं.

गुरख्यांना वाचवलं त्यांच्या चिवटपणाने, हवाई दलाच्या विमानांनी आणि एका चुकलेल्या बातमीने. भारताने सिल्हेटला अख्खी ब्रिगेड उतरवली, असं बीबीसीने सांगितलं. ब्रिगेड म्हणजे तीन बटालियन, इथे तर धड एकही नव्हती. हारोलीकरांच्या माणसांनी तो गैरसमज टिकवायचं ठरवलं. मोठ्या भागात पसरून, वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळीबार करत त्यांनी आपली संख्या खूप आहे असं भासवलं. आठवडाभर ही बटालियन तशीच टिकून राहिली. शेवटी सिल्हेटची फौज शरण आली तेव्हा तिच्यात तीन ब्रिगेडियर होते.

याच बटालियनमध्ये मुंबईत जन्मलेले मेजर इयान कार्डोझो होते. सुरुंगावर पाय पडून त्यांचा पाय निकामी झाला. डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत, तेव्हा खुकरीने त्यांनी स्वतःच तो तोडला. पुढे कृत्रिम पायावर त्यांनी बटालियनचं नेतृत्वही केलं.

सिल्हेटची गोष्ट यशाची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण ज्या खबरीवर निर्णय घेतला ती चुकीची होती. खाली उतरलेल्या माणसांनी वरच्यांची चूक निभावून नेली.

मेघनेवरचा हवाई पूल

दोनच दिवसांनी, ९ डिसेंबरला, भारतीय सैन्य मेघनेच्या काठावर आशुगंजला पोहोचत असताना पाकिस्तान्यांनी तिथला मोठा रेल्वे पूल उडवला. पलीकडे भैरव बाजारात त्यांचं डिव्हिजन दबा धरून बसलं. भारतीय सैन्य आता पूल दुरुस्त करेल किंवा इथूनच नदी ओलांडायचा प्रयत्न करेल, मग आपण त्यांना पाण्यातच गाठू, असा त्यांचा अंदाज होता.

गोव्यात जे केलं, तेच सगत सिंग यांनी इथे करायचं ठरवलं. फरक एवढाच की यावेळी होड्यांसोबत हेलिकॉप्टरंही होती. स्वतः हेलिकॉप्टरमधून नदीवर जाऊन ते उतरायच्या जागा बघून आले. अशाच एका फेरीत खालून गोळीबार झाला, पायलट जखमी झाला आणि सहवैमानिकाने कसंबसं हेलिकॉप्टर परत आणलं. सगत सिंग यांच्या कपाळाला गोळी चाटून गेली होती.

९ डिसेंबरच्या संध्याकाळपासून ब्राह्मणबारियाहून मेघनेपलीकडच्या रायपुरापर्यंत फेऱ्या सुरू झाल्या. भैरव बाजारच्या दक्षिणेला, जिथे पाकिस्तानी सैन्य नव्हतं तिथे ४ गार्ड्स बटालियनचे जवान उतरत होते. एका एमआय-४ मध्ये जेमतेम डझनभर सैनिक मावायचे. म्हणून रात्रभर ये-जा चालू राहिली. पायलटना उतरायची जागा दिसावी म्हणून खाली जवान टॉर्च धरून उभे असायचे. पुढच्या दीड-दोन दिवसांत शंभरहून जास्त फेऱ्या झाल्या.

हेलिकॉप्टर माणसं नेतं, जड तोफा नाही. त्या नावांतून आल्या. स्थानिक लोकांनी आपल्या होड्या दिल्या, दारूगोळा डोक्यावरून वाहून नेला, तोफा चिखलातून ओढल्या. बांगलादेशच्या सामान्य माणसाशिवाय हा हवाई पूल अर्धाच राहिला असता.

भैरव बाजारातलं पाकिस्तानी डिव्हिजन तिथेच अडकून पडलं. त्याला वळसा घालून सैन्य नरसिंगदीला पोहोचलं आणि १४ डिसेंबरपर्यंत सगत सिंग यांच्या तोफांचे गोळे ढाक्यात पडू लागले. ढाक्याचं संरक्षण मेघनेवर विसंबून होतं. नदीच मधून गेली, तेव्हा शहराला दुसरी भिंत उरली नाही.

आणि टांगाईलला भेटले दोन मराठा

मेघनेवर हेलिकॉप्टरं फिरत असतानाच ढाक्याच्या उत्तरेला आणखी एक हवाई मोहीम झाली. ती सगत सिंग यांच्या हाताखाली नव्हती, दुसऱ्या आघाडीची होती. पण उतरणारी बटालियन त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. गोव्यात त्यांच्यासोबत पायी चाललेली २ पॅरा (मराठा).

११ डिसेंबरला दुपारी साडेचारच्या सुमाराला लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली ही बटालियन टांगाईलजवळ छत्र्यांनी उतरली. सुमारे ५० विमानं आणि सातशेच्या आसपास सैनिक. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल घ्यायचा आणि उत्तरेकडून ढाक्याला मागे हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट कापायची, हे काम होतं.

त्यांनी पूल घेतला आणि रात्रभर धरून ठेवला. १२ डिसेंबरला संध्याकाळी जमिनीवरून लढत आलेलं सैन्य पुलापाशी पोहोचलं. ते होते १ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान, म्हणजे जंगी पलटण. २ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच तिसरी बटालियन. त्यामुळे आकाशातून उतरलेले आणि जमिनीवरून आलेले, दोघेही एकाच रेजिमेंटचे भाऊ होते. आर्नेमला जी भेट झालीच नाही, ती टांगाईलला चोवीस तासांत झाली. १६ डिसेंबरच्या सकाळी ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय सैनिकांत हीच २ पॅरा होती.

मग ते विस्मरणात का गेले?

१९७२ मध्ये सगत सिंग यांना पद्मभूषण मिळालं. परमविशिष्ट सेवा पदकही मिळालं. पण ते लष्करप्रमुख झाले नाहीत. त्याच युद्धात दुसऱ्या बाजूने लढलेल्या दुसऱ्या कोअरचे प्रमुख टी. एन. रैना १९७५ मध्ये लष्करप्रमुख झाले. सगत सिंग लेफ्टनंट जनरल म्हणूनच नोव्हेंबर १९७६ मध्ये निवृत्त झाले आणि जयपूरला राहायला गेले. तिथल्या घराला त्यांनी नाव दिलं होतं, मेघना फार्म. २६ सप्टेंबर २००१ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

त्यांच्याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. लष्कर आदेशावर चालतं. प्रत्येक अधिकारी आपल्याला वाटेल तेवढा पुढे गेला, तर कुणाच्याच पाठीशी कुणी उरणार नाही. सिल्हेटला हा धोका अगदी जवळून गेला. दुसरं मत असं की आदेश लिहिणाऱ्याला नदीकाठची परिस्थिती दिसत नसते. पुलाजवळ उभ्या असलेल्या माणसाने त्याच क्षणी ठरवायचं असतं आणि त्याची जबाबदारीही घ्यायची असते. मेघना ओलांडायला आणखी आठवडा लागला असता, तर मधल्या काळात आंतरराष्ट्रीय दबावाने युद्धबंदी होऊन ढाका हातातून निसटण्याची शक्यता होती. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालेलं होतं आणि संयुक्त राष्ट्रांत ठराव येत होते.

सगत सिंग पुढच्या जागेवर स्वतः जायचे. उतरायची जागा आधी स्वतः बघायचे. म्हणून त्यांच्या धाडसाला नुसता जुगार म्हणता येत नाही. पण त्यांच्या प्रत्येक निर्णयाची पहिली किंमत हेलिकॉप्टरमधून आधी उतरणारा जवान देत होता, हेही तितकंच खरं. पुढच्या १६ डिसेंबरला तो फोटो समोर आला, तर मागे उभ्या असलेल्या सगत सिंग यांना जरूर शोधा. आणि फोटोत नसलेल्या त्या जवानांनाही आठवा, ज्यांनी अंधारात टॉर्च धरून हेलिकॉप्टर खाली बोलावलं होतं.